चौकट वाकडी दिसते तेव्हा

२०२२ च्या ऑक्टोबरात बाबांनी आमच्या वाईच्या घरी गवंडी बोलावला. मधल्या दाराची चौकट वाकडी झाली आहे, पावसाळ्यात भिंत खचली असणार, असं त्यांचं म्हणणं होतं. आईला चौकट सरळ दिसत होती, पण बाबांच्या नजरेवर शंका घ्यायची आमच्या घरात पद्धत नव्हती. बाबांनी छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधकाचं काम केलं. भजी बांधून आलेल्या कागदावरचा निसटलेला अनुस्वारही त्यांना भजी खाता खाता दिसायचा. गवंड्याने ओळंबा सोडला, दोन्ही बाजूंनी मोजलं आणि सांगितलं, "काका, चौकट सूतभरही हललेली नाही." बाबांनी त्याला चहा पाजला, पैसे दिले आणि तो गेल्यावर आईला म्हणाले, "हल्लीच्या गवंड्यांना ओळंबासुद्धा धड धरता येत नाही."

आईने हा किस्सा मला रविवारच्या फोनवर हसत हसत सांगितला. माझी सकाळ आणि त्यांची संध्याकाळ, ही आमची ठरलेली वेळ. मी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये पोस्टडॉक करते. मीही हसायला लागले आणि मध्येच थांबले. कारण जूनमध्ये बाबा मला म्हणाले होते, "पेपरवाल्यांनी छपाईचं पार वाटोळं केलंय. ओळ सरळ लागत नाही, मधली अक्षरं खाली घसरतात." तेव्हा मी म्हटलं होतं, "बाबा, तुम्ही रिटायर झालात, आता पेपरची प्रुफं तपासणं सोडा." आणि विषय बदलला होता.

सरळ रेषा वाकड्या दिसणं हे डोळ्याच्या पडद्याच्या एका आजाराचं अगदी ठळक लक्षण आहे. त्याला मेटामॉर्फॉप्सिया असा लांबलचक शब्द आहे. हा शब्द माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात आहे. मी तो किती वेळा स्लाइडवर टाकला असेल, याची गणती नाही. कारण मी काम करते ते याच आजारावर, वाढत्या वयात होणाऱ्या मॅक्युलाच्या ऱ्हासावर. तरीही वडिलांच्या तोंडून तेच लक्षण 'छपाई वाकडी आहे' अशा शब्दांत आलं, तेव्हा मला ते ओळखू आलं नाही.

मी आईला म्हटलं, "बाबांना फोन दे." त्यांना चष्मा लावायला सांगितला, डावा डोळा तळहाताने झाकायला सांगितला आणि चौकटीकडे बघायला लावलं. "आता सरळ आहे की," ते म्हणाले. मग उजवा डोळा झाकायला सांगितला. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, "अगं, मधला भागच नाहीये."

इथे थोडं विज्ञान सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असतो तो पडदा, म्हणजे दृष्टिपटल. त्याच्या मध्यभागी साधारण साडेपाच मिलिमीटर व्यासाची एक जागा आहे. तिला मॅक्युला किंवा पीतबिंदू म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, तांदळातला खडा टिपणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, ही सगळी बारीक नजरेची कामं या एवढ्याशा जागेवर चालतात. बाकीचा पडदा आजूबाजूचं बघतो. त्यामुळे मॅक्युला बिघडला तरी माणसापुढे पूर्ण काळोख होत नाही. तो घरात फिरतो, जिना उतरतो, कडेने गेलेली मांजर त्याला दिसते. पण ज्याच्याकडे तो बघतो, नेमकं तेच दिसत नाही.

पडद्याच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींखाली आरपीई नावाच्या पेशींचा एकच पातळ थर असतो. वरच्या पेशी रोज आपल्या टोकाचा जुना झालेला भाग टाकून देतात, जवळजवळ एक दशांश. खालच्या आरपीई पेशी तो गिळून पचवतात. ही झाडलोट जन्मभर चालते आणि मोठ्या माणसात या पेशी सहसा नव्याने तयार होत नाहीत. सत्तर वर्षं तोच सफाई कामगार. रजा नाही, बदली माणूस नाही. वयानुसार काही कचरा मागे राहू लागतो आणि थराखाली पिवळट साठे जमतात. त्यांना ड्रुसेन म्हणतात. बारीकसारीक ड्रुसेन अनेक म्हाताऱ्या माणसांत असतात. ते मोठे आणि पुष्कळ झाले की आजार म्हणायचा. हा त्याचा कोरडा प्रकार. बहुतेक रुग्ण याच प्रकारातले असतात आणि तो वर्षानुवर्षं सावकाश चालतो.

दहांतल्या एखाद्या-दोघांत मात्र खालून नव्या रक्तवाहिन्या वर घुसतात. त्या कच्च्या आणि गळक्या असतात. त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं, पडदा तिथे फुगतो, आणि फुगलेल्या पडद्यावर सरळ रेषेचं चित्र वाकडं पडतं. हा ओला प्रकार. तो वर्षांच्या नव्हे, आठवड्यांच्या हिशेबाने नजर नेतो. आणि जी सापडण्याची सर्वांत जास्त गरज, तीच गोष्ट लपून राहते, कारण दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याचं काम झाकून नेतो.

माझ्या लॅबमध्ये मी याच आरपीई पेशी प्लेटमध्ये वाढवते. मूळपेशींपासून त्या तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. मग त्या तपकिरी होतात आणि षटकोनी फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना चिकटून बसतात. त्यांचं पोषक द्रव ठरलेल्या दिवशी बदलावंच लागतं, मग रविवार असो की बर्फ पडत असो. त्या उन्हाळ्यात बाबांचे बरेचसे फोन मी लॅबकडे जाताना गाडीतून केले. पेशींची एक खेप मी चुकवली नाही. बाबांचं ते वाक्य मात्र चुकवलं.

मधल्या चार महिन्यांत बाबांनी गावात दोनदा चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, मोतीबिंदू धरलाय, पिकू द्या, मग काढा. आपल्याकडे साठीनंतर कमी दिसायला लागलं की घरातला प्रत्येक जण मोतीबिंदूच म्हणतो. पण मोतीबिंदूने सगळंच धूसर होतं, धुकट काचेतून पाहिल्यासारखं. रेषा त्याने वाकत नाहीत आणि फक्त मधलाच भाग पुसला जात नाही. शिवाय मोतीबिंदू पिकण्याची वाट बघायचा काळही आता गेला. पण ही समजूत इतकी मुरलेली आहे की तिच्या आधारावर माणसं दुसऱ्या आजारातले मोलाचे महिने घालवतात.

त्या बुधवारी माझा चुलतभाऊ बाबांना पुण्याला पडद्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्याने ओसीटी तपासणीचं चित्र व्हॉट्सॲपवर पाठवलं. ओसीटीमध्ये पडद्याचे थर उभ्या कापात दिसतात, पुस्तकाची पानं कडेने दिसावीत तसे. उजव्या डोळ्यात थराखाली ड्रुसेनचे उंचवटे होते. डाव्या डोळ्यात मधोमध पडदा वर उचललेला होता, खाली पाण्याची काळी पोकळी होती आणि तिच्या तळाशी एक पांढुरका जाड पट्टा होता. तो पट्टा म्हणजे व्रण. ते चित्र वाचायला मला दोन सेकंदही लागली नाहीत. मी लॅबच्या जिन्यात बसून राहिले.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी बाबांना सरळ सांगितलं की डाव्या डोळ्यात इंजेक्शनं देऊ, पाणी सुकेल, पण व्रण झाला आहे तिथली नजर परत येणं अवघड आहे. आणि उजवा डोळा जपायचा आहे. बाबांनी विचारलं, "जूनमध्ये आलो असतो तर?" डॉक्टर म्हणाले, "तर जास्त वाचवता आलं असतं." बाबांनी हे मला सांगितलं नाही. चुलतभावाने सांगितलं.

डोळ्यात सुई म्हटल्यावर आईचे हातपाय गळाले होते. आमच्या लॅबमध्ये त्या औषधाचं नाव दिवसातून दहा वेळा येतं, पण सुई टोचतात कुठे आणि कशी, हे घरच्यांना समजावून सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी सांगितलं: आधी थेंब टाकून डोळा बधिर करतात, आयोडीनने धुतात, पापण्या उघड्या ठेवायला एक छोटा चिमटा लावतात, आणि बुबुळापासून जरा बाजूला, पांढऱ्या भागातून, अगदी बारीक सुईने औषधाचा एक थेंब आत सोडतात. सुई आत असते ती काही सेकंद. नंतर दिवसभर डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचतं, कधी पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग दिसतो. त्याला घाबरायचं नाही. पण पुढच्या काही दिवसांत दुखणं वाढलं, लाली वाढली, नजर आणखी कमी झाली, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा प्रश्न असतो. आईने हे सगळं कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून घेतलं.

मग पैशांचा प्रश्न आला. ही औषधं शरीरातल्या व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाला अडवतात. गळक्या रक्तवाहिन्या त्याच्याच जोरावर वाढतात. रॅनिबिझुमॅब हे डोळ्यासाठी बनवलेलं औषध अमेरिकेत २००६ साली मंजूर झालं. त्याचं मोठं भावंड बेव्हासिझुमॅब आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ पासून होतं आणि ते कितीतरी स्वस्त पडायचं. दोन्हींची तुलना करणारी अमेरिकेतली मोठी चाचणी सुमारे १,२०० रुग्णांवर झाली. २०११ साली तिचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष आले, तेव्हा नजरेच्या बाबतीत दोन्ही औषधं सारखीच ठरली. भारतात २०१५ पासून रॅनिबिझुमॅबचा देशी बायोसिमिलरही मिळतो. म्हणजे महागडं तेच चांगलं, हा आपला अमेरिकेत पक्का झालेला समज इथे लागू नव्हता.

मी मात्र तिकडच्या महागातल्या औषधाचे पैसे पाठवायला निघाले होते. बाबा म्हणाले, "म्हाताऱ्याच्या एका डोळ्यात एवढे पैसे ओतायचे? तेही गेलेल्या?" मी त्यांच्यावर चिडले. आता वाटतं, त्या पैशांत माझ्या चार महिन्यांची भरपाई होती आणि ती त्यांच्या डोळ्यात घालायला मी निघाले होते. शेवटी डॉक्टरांशी बोलून देशी औषध ठरलं.

पहिली तीन इंजेक्शनं महिन्याच्या अंतराने झाली. दर खेपेला वाईहून पुणं, खंबाटकी घाट, तिथे तपासणी, बाहुली मोठी करणारे थेंब, पुन्हा वाट बघणं, इंजेक्शन आणि परत. त्या थेंबांनी पुढचे काही तास धूसर दिसतं, त्यामुळे सोबत माणूस लागतोच. चुलतभाऊ दर वेळी रजा कुठून काढणार? दोनदा आई त्यांना एसटीने घेऊन गेली. तिसऱ्या इंजेक्शनानंतर ओसीटीत पाणी सुकलेलं दिसलं आणि बाबांनी जाहीर केलं की आता बरं आहे, बंद करू.

या टप्प्यावर पुष्कळ घरांत उपचार सुटतात. मुलं परदेशात, आई-वडिलांना कोणाला त्रास द्यायचा नसतो, आणि बरं वाटतंय हे सबबीला पुरतं. मी बाबांना त्यांच्या गावाकडच्या विहिरीची आठवण दिली. पावसाळ्यात तिच्या तळाचं काम काढलं होतं, तेव्हा पंप चालू असेपर्यंत तळ कोरडा दिसायचा. पंप बंद केला की तासाभरात झऱ्याने पाणी चढायचं. हे औषध तसा उपसा आहे. त्याचा असर काही आठवड्यांनी ओसरतो आणि झरा तर चालूच असतो. पाणी आलं नाही, तर डॉक्टर हळूहळू अंतर वाढवतात, चाराचे सहा आठवडे, सहाचे आठ. पण ते अंतर ओसीटी बघून डॉक्टरांनी वाढवायचं असतं, आपल्याला बरं वाटतंय म्हणून आपण नाही. विहीर बाबांना पटली. तेव्हापासून आमच्या तिघांच्या फोनवर एकच कॅलेंडर आहे. पुढची तारीख, सोबत कोण, गाडी कोणाची, हे त्यात एक महिना आधी भरायचं. साडेबारा हजार किलोमीटरवरून मला जमण्यासारखं काम हेच होतं आणि ते मी आधीपासून करू शकले असते.

त्या डिसेंबरात मी घरी गेले. बॅगेत एआरईडीएस-२ च्या गोळ्यांच्या सहा बाटल्या होत्या. वाड्यातल्या तीन काकांनी आणि दोन मावश्यांनी लगेच 'डोळ्यांची अमेरिकन गोळी' मागितली. नाही म्हणताना जीव कानकोंडा झाला. पण ती गोळी सर्वांसाठी नाही. क आणि ई जीवनसत्त्व, जस्त, तांबं, ल्युटीन, झियाझँथिन यांचं ते ठरावीक प्रमाण आहे. ज्यांचा कोरडा आजार मध्यम टप्प्यावर आहे, किंवा ज्यांचा एक डोळा पुढच्या टप्प्यात गेला आहे, त्यांच्यात पाच वर्षांत आजार बळावण्याचा धोका ती साधारण पाव हिश्शाने कमी करते. गेलेली नजर ती परत आणत नाही आणि ज्याला आजार नाही, त्याचा आजार टाळत नाही. बाबांचा उजवा डोळा तिच्या व्याख्येत बरोबर बसत होता. जुन्या मिश्रणात बीटा कॅरोटीन होतं. सिगारेट ओढणाऱ्यांत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून नव्यातून ते काढलं. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून आणि डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावी. वाड्यातल्यांना मी पालक, मेथी आणि अंड्याचा बलक खायला सांगितला. त्यांना ते अमेरिकेहून आलेल्या माणसाने सांगण्यासारखं वाटलं नाही.

सिगारेटीचा मुद्दा बाबांनाही लागू होता. छापखान्याच्या रात्रपाळीत लागलेल्या दोन सिगारेटी निवृत्तीनंतरही सुटल्या नव्हत्या. या आजारात वय आपल्या हातात नाही. आई-बापांकडून आलेले जीनही नाहीत. २००५ साली शरीराच्या संरक्षणयंत्रणेतल्या एका जीनचा या आजाराशी घट्ट संबंध सापडला, आणि तो बाबांत असेल तर माझ्यातही असू शकतो. आपल्या हातात जे थोडं आहे, त्यात तंबाखू सर्वांत वरती. मी हे बाबांना आकडे मांडून सांगितलं, तेव्हा ते हं म्हणाले. आई एवढंच म्हणाली, "ह्यांना उजवा पण घालवायचा असेल तर ओढू देत." पाडव्यापासून सिगारेट बंद झाली. मध्ये एकदा सुटली आणि परत धरली, ते मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

त्याच मुक्कामात मी त्यांना आम्सलरचा कागद दिला. मार्क आम्सलर नावाच्या स्विस नेत्रतज्ज्ञाने रुळवलेली ही युक्ती अगदी साधी आहे. दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात आडव्या-उभ्या रेघांची बारीक घरं, आणि मधोमध एक ठिपका. वाचायचा चष्मा लावून कागद हातभर अंतरावर धरायचा, एक डोळा झाकायचा, नजर ठिपक्यावर ठेवायची. कुठली रेघ वाकली, तुटली, पुसली गेली का, बघायचं. मग दुसरा डोळा. दोन मिनिटांचं काम. बाबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे रोज एक प्रूफ तपासायचं." त्यांनी बाजारात जाऊन त्याच्या शंभर झेरॉक्स काढून आणल्या आणि प्रत्येकीवर तारखेसाठी कोपऱ्यात जागा आखली.

इकडे परत आल्यावर आमच्या मंडळात ही गोष्ट पसरली आणि एका कुटुंबाने मला घरी बोलावलं. त्यांच्या आजी ग्रीन कार्डावर इथे राहतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत कोरड्या आजाराचा शेवटचा टप्पा आहे; मधल्या पेशीच झिजून गेल्या आहेत. मंडळातल्या काही बायकांचं मत होतं की आजी आखडू आहेत, बोलताना तोंडाकडे बघत नाहीत. खरं तर त्यांनी आपली आपणच एक वाट शोधली होती. कानाकडे बघितलं की पडद्याच्या शाबूत कडेने चेहरा थोडा दिसायचा. ही युक्ती शिकवणारे तज्ज्ञ असतात. तिला सरावाने धार येते.

पण मला बोलावण्याचं कारण वेगळं होतं. आजींना दुपारी दिवाणखान्यात लहान मुलं बसलेली दिसत. कधी भिंतभर वेलबुट्टी दिसे. त्यांनी हे दोन महिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा सुनेला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला, आणि गावाकडच्या बहिणीने फोनवर नारळ उतरवायला सांगितला. मी आजींना विचारलं, मुलं बोलतात का? "नाही गं, नुसती बसतात. ती खरी नाहीत हे मला कळतं की." स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या शार्ल बोने या निसर्गअभ्यासकाने १७६० साली आपल्या आजोबांचं असंच वर्णन लिहून ठेवलं आहे. डोळे अधू, डोकं शाबूत, आणि डोळ्यांसमोर माणसं नि पक्षी. डोळ्यांकडून खबर येणं कमी झालं की मेंदूचा पाहणारा भाग स्वतःच चित्रं काढतो. ही भुताटकी नाही, आणि एवढ्यावरून बुद्धिभ्रंशही म्हणता येत नाही. तरी डॉक्टरांना सांगायचं, कारण इतर कारणं तपासून बाजूला करावी लागतात. आजी हे ऐकून रडल्या. नजर गेल्याचं त्यांनी पचवलं होतं. आपण वेड्या होतोय, ही भीती त्या एकट्याने वागवत होत्या.

कोरड्या आजाराच्या या टप्प्यासाठी २०२३ साली इथे दोन औषधं मंजूर झाली. तीही डोळ्यातच टोचायची. ती झीज काहीशी मंदावतात, गेलेलं परत देत नाहीत. आजींनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी ती घ्यायची नाही असं ठरवलं. त्याऐवजी घर बदललं. खुर्चीशेजारी वाकवता येणारा प्रखर दिवा आला. पांढऱ्या कपात ताक देणं बंद झालं, ते निळ्या पेल्यात आलं. भात गडद रंगाच्या ताटलीत. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी. फोन मोठ्याने वाचून दाखवतो आणि पुस्तकं कानाने वाचली जातात. आरपीई पेशींचे पडदे तयार करून डोळ्यात बसवण्याचे प्रयोग चालू आहेत. २०१४ साली जपानमधल्या कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने रुग्णाच्याच पेशींपासून बनवलेला असा पहिला पडदा बसवला. माझं कामही त्याच वाटेवरचं आहे. पण ते आजींच्या उपयोगी पडेल असं मी त्यांना सांगू शकले नाही. निळा पेला त्याच आठवड्यात उपयोगी पडला.

२०२४ च्या जानेवारीत, एका मंगळवारी पहाटे फोन वाजला. बाबांनी उजव्या डोळ्याच्या कागदाचा फोटो पाठवला होता. ठिपक्याच्या वरच्या अंगाला तिसऱ्या रेघेवर त्यांनी लाल पेनने खूण केली होती, ओळ सरळ करा, असं जुळाऱ्याला सांगण्यासाठी करतात ती. खाली तारीख आणि 'काल नव्हते'.

या वेळी मला काही ओळखायचं राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पुण्यात होते. उजव्या डोळ्यात पाणी सुरू झालं होतं, अगदी थोडं. व्रण नव्हता. त्याच दिवशी इंजेक्शन झालं. आज त्या डोळ्याला दर आठ आठवड्यांनी इंजेक्शन लागतं, आणि त्या डोळ्याने बाबा दिव्याखाली पेपर वाचतात. बारीक टाइप जमत नाही. डाव्या डोळ्याने मधलं काही दिसत नाही आणि दिसणारही नाही. चहा ओतताना कपाची कड अजून चुकते. संध्याकाळी स्कूटर चालवणं त्यांनी सोडलं, आणि ते सोडताना दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

मी त्यांना एकदा म्हटलं, "बाबा, जूनमध्ये मला कळायला हवं होतं." ते म्हणाले, "मलाही कळलं नाही. मी गवंडी बोलावला." पुढे आम्ही बोललो नाही.

हे वाचणाऱ्या बहुतेकांचे आई-वडील तिकडे आहेत, किंवा इथे आपल्याजवळ, डॉक्टरची भाषा न येणाऱ्या गावात. त्यांच्या तोंडून 'मॅक्युला' हा शब्द येणार नाही. ते म्हणतील, छपाई बिघडली, टीव्हीवरच्या माणसांचे चेहरे पुसट आहेत, ट्यूबलाइटचा उजेड पुरत नाही, फरशीच्या रेघा वाकल्यात. यातलं काही ऐकू आलं, तर चष्म्याच्या दुकानात नाही, पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवा, त्याच आठवड्यात. पन्नाशी-साठीनंतर काही तक्रार नसली तरी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. आणि या रविवारी, जेवलात का, औषध घेतलंत का, हे विचारून झालं की आणखी एक विचारा: चष्मा लावा, एक डोळा झाका, समोरची चौकट कशी दिसते? आता दुसरा झाका.

मी हे विचारलं, पण चार महिने उशिरा.